खिडकीतला पहिला घोट

आमच्या डेअरीच्या प्रयोगशाळेला एक खिडकी आहे. ती टँकर उभे राहतात त्या आवारात उघडते. ड्रायव्हर तिथून नमुन्याची बाटली आत देतो आणि निकाल लागेपर्यंत बाहेर ताटकळतो. दूध पास झालं की बाटलीत उरलेल्या दुधाचा चहा होतो, आणि ज्याने पास केलं त्याने त्या चहाचा पहिला घोट खिडकीत उभं राहून, ड्रायव्हरच्या देखत घ्यायचा. हा नियम कुठे लिहिलेला नाही. मी इथे लागले त्याच्याही आधीपासून तो चालत आलेला आहे. आमच्या तपासणीपेक्षा त्या घोटावर ड्रायव्हरांचा विश्वास जास्त. मला तो प्रकार पटत नसे, पण मोडून काढावा इतका खुपतही नसे. चहा चांगला व्हायचा.

नव्या केमिस्टला मी पहिल्या दिवशी एकच वाक्य पाठ करायला सांगते: जीभ हे उपकरण नाही. आजारी गाईला दिलेलं औषध दुधात उतरलं असेल तर ते चवीला लागत नाही, वासाला येत नाही. ते नळीत कळतं. नळीत जांभळी जेली असते आणि जेलीत निरुपद्रवी जंतू असतात. वर दुधाचे थेंब टाकून नळी गरम पाण्याच्या टाकीत तीनेक तास ठेवायची. दूध स्वच्छ असेल तर जंतू वाढतात आणि जेली पिवळी होते. औषध असेल तर जंतू वाढत नाहीत, जेली जांभळीच राहते. शेजारी एक नळी खात्रीच्या दुधाची ठेवतात. ती पिवळी झाली की सगळ्या बाहेर काढून रंग बघायचा. इतकं सोपं आहे.

या वर्षी लागलेल्या तरुण केमिस्टने ते वाक्य निमूटपणे ऐकून घेतलं. दुपारपर्यंत त्याने पहिला टँकर पासही केला. चहा करणाऱ्या आणि काचसामान धुणाऱ्या मावशीने त्याच्या हातात कप दिला. त्याने तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

बाहेर मामा उभा होता. मामा म्हणजे ड्रायव्हरांमधला सगळ्यांत जुना माणूस. त्याने कपाकडे पाहिलं, मग वळून आपल्या टँकरकडे पाहिलं.

“पास म्हणालात ना?”

“पास आहे.”

“मग प्या की.”

“मी दुधाचं काहीच घेत नाही.”

“डॉक्टरने बंद केलंय?”

“नाही. मीच ठरवलंय.”

तिथेच सगळं बिनसलं. डॉक्टरचं नाव घेतलं असतं तर मावशीने त्याला काळा चहा करून दिला असता, मामाने स्वतःच्या पित्ताची हकिकत सांगितली असती आणि विषय मिटला असता. आजारी माणसाचा कुणाला राग येत नाही. पण ‘ठरवलंय’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, मग मी काय ठरवलंय? आणि असा प्रश्न पाडणारा माणूस कुणाला आवडत नाही.

त्या दिवशी त्याच्या वाटणीचा घोट मी घेतला. पुढे कधी मी, कधी आमचे जुने तंत्रज्ञ तात्या. पण आवारात बोललं जाऊ लागलं की पास करणारा पोरगा स्वतः तोंड लावत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

चहाच्या खोलीत विषय तात्याच काढत. झाडांना जीव नसतो का, वाघाला जाऊन सांगशील का, चामड्याचा पट्टा चालतो का. यात त्या मुलाचं चुकायचं ते असं की, प्रश्न विचारला म्हणजे उत्तर हवं आहे, असं त्याला वाटे. तो चमचा खाली ठेवून विचार करी आणि नीट, क्रमवार उत्तर देई. गाय दूध कधी देते, वासरू तिच्यापासून कधी तोडतात, नर वासरांचं पुढे काय होतं. आवाज चढवत नसे. पण तोवर मावशीचा केकचा तुकडा हातातच राहिलेला असे आणि तात्या म्हणत, “झालं सुरू प्रवचन.” त्यावरून त्याचं नाव बुवा पडलं. आठवड्याभरात त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं.

मी एकदा बहिणीला फोनवर सांगितलं की एक नवा मुलगा आलाय, सारखं लेक्चर देतो. फोन ठेवल्यावर त्याने आपणहून सुरू केलेलं एखादं लेक्चर आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवलं नाही. संध्याकाळी कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं, बुवा आज पुन्हा सुरू झाला होता. सुरू कोण झालं होतं, हे कुणाच्याच लक्षात राहत नसे.

तो अगदी गरीब गाय होता असंही नाही. तात्यांना नात झाली तेव्हा त्यांनी केक आणला होता. बुवाने सगळ्यांदेखत विचारलं, “यात अंडं आहे का?”

“आहे. आणि प्रेम पण आहे.”

“मग प्रेम घेतो,” बुवा म्हणाला आणि केक मावशीकडे सरकवला. सगळे हसले, तात्याही हसले. पण तात्या ते विसरले नाहीत. शिवाय बुवाची एक सवय होती. दुसऱ्याच्या कपाकडे तो क्षणभर बघायचा आणि मग नजर वळवायचा. कदाचित नुसतंच बघत असेल. मला मात्र त्या क्षणी चहा घशाखाली उतरवताना अवघड व्हायचं.

मावशी म्हणाली, “खाई त्याला खवखवे. पोरगं बोलत काहीच नाही, तुमचं तुम्हालाच टोचतं.” हे म्हणताना तिने आपला कप मात्र बुवापासून लांबच्या हातात घेतला होता.

पुढे पुढे बुवा दुपारचा डबा खायला चहाच्या खोलीत येईनासा झाला. तो कुठे जेवतो हे कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर सगळ्यांना मोकळं वाटलं.

मग खिडकीत एक प्रसंग घडला. मामाने पुन्हा टोमणा मारला की आमचं दूध काय विष आहे का. बुवा म्हणाला, “मामा, जीभ हे उपकरण नाही. मी प्यायलो काय, न प्यायलो काय, नळी तेच सांगणार.” मामा थेट व्यवस्थापकांच्या, म्हणजे साहेबांच्या खोलीत गेला. कालचं पोर मला अक्कल शिकवतं म्हणाला. साहेबांनी मला विचारलं तेव्हा मीही म्हणाले की मुलगा हुशार आहे, पण बोलायची रीत नाही.

घरी जाताना लक्षात आलं की ते वाक्य माझं होतं. शब्दन्‌शब्द माझं. त्याच खिडकीत, त्याच मामाला मी ते कित्येकदा ऐकवलं होतं आणि मामाने मान डोलावली होती. फरक इतकाच की तेव्हा माझ्या हातात कप असे.

यानंतरच्या पंधरवड्यात तीन टँकर नापास झाले. तिन्ही बुवाने तपासलेले. नापास दूध गटारात जातं, आणि टँकर हा काही बादली नव्हे. तिसरा टँकर मामाचा होता. त्या दिवशी मामा ओरडला नाही, शांतपणे टँकर वळवून गेला. त्याचं ते शांत जाणंच साहेबांना जास्त लागलं असावं. त्यांनी मला बोलावून दार लोटून घेतलं.

“दुधाची राखण मांजराकडे देऊ नये म्हणतात,” साहेब म्हणाले.

“हे तर दूध न पिणारं मांजर आहे, साहेब. उलट अशाकडेच द्यावी.”

ते हसले नाहीत. “न पिणाऱ्या मांजरालाही दूध सांडता येतं, मॅडम. ज्याला दूध नकोच, तो इथे आला कशाला? शुक्रवारी त्याला कायम करायचं की काढायचं हे मला ठरवायचंय. तुम्ही फक्त एवढं सांगा, त्याचे निकाल खरे आहेत का?”

मी सांगते म्हणाले आणि परत आले. आल्यावर पहिल्यांदा जे ध्यानात आलं, ते मला आवडलं नाही. तिन्ही टँकर दुपारचे होते. सकाळच्या टँकरच्या नळ्या सगळ्यांच्या देखत तयार होतात. दुपारच्या नळ्या गरम पाण्यात असतात तेव्हा प्रयोगशाळेत कुणी नसतं, सगळे जेवायला जातात. बुवा सोडून सगळे.

नळी जांभळी ठेवायला औषधाचा एक थेंब पुरतो. ते औषध आमच्याच कपाटात, पडताळणीसाठी ठेवलेलं असतं. मी ती बाटली उजेडात धरून पाहिली. कमी झाल्यासारखी वाटली. मग वाटलं, संशयाने पाहिली की कुठलीही बाटली कमीच दिसते. बुवा तेव्हा टेबल पुसत होता. त्याने माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, त्याच त्याच्या पद्धतीने, क्षणभर, आणि नजर वळवली. मला ते फार सूचक वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी, साहेबांकडे जाऊन येते असं सांगून मी निघाले आणि शेजारच्या वजनकाट्यांच्या खोलीत थांबले. तिथल्या दाराला काच आहे. तात्या गेले. मावशी गेली. बुवाने बाहेरच्या दाराकडे एकदा पाहिलं, फ्रिज उघडला आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. नळ्या ठेवल्या होत्या त्या टाकीचं झाकण उचललं, हात आत घातला आणि झाकण हलकेच लावलं.

मी दार ढकलून आत गेले.

“काय टाकलंस?”

तो पाठमोरा होता. वळायला त्याला वेळ लागला.

“डबा,” तो म्हणाला.

मी झाकण उचललं. नळ्यांच्या शेजारी, पाण्यात निम्मा बुडालेला, घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा होता. मी तो बाहेर काढून उघडला. भात, वाटाणे, गाजराचे तुकडे. मी काय शोधत होते कोण जाणे, पण चमच्याने भाताचा तळ उकरून पाहिला. तो बघत राहिला.

“प्रयोगशाळेत अन्न आणायचं नाही, हे तुला माहीत नाही?”

“माहीत आहे.”

“डबा गरम करायचं मशीन चहाच्या खोलीत आहे.”

“आहे. पण तिथे डबा उघडला की विषय उघडतो, मॅडम.”

मी पुढे काही बोलणार होते, पण माझा हात अजून त्या डब्यावर होता आणि डबा बर्फासारखा गार होता. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला. मी टाकीच्या थर्मामीटरकडे पाहिलं. आकडा बरोबर होता. पण थर्मामीटर टाकीच्या उजव्या टोकाला आहे आणि आमची टाकी जुनी, पाणी न फिरवणारी. मी कपाटातला दुसरा थर्मामीटर आणून डाव्या टोकाला धरला. पारा कितीतरी खाली थांबला.

बुवा माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

“टँकरच्या नळ्या डावीकडे असतात,” तो म्हणाला.

“आणि खात्रीची नळी उजवीकडे.” ती आम्ही मुद्दाम थर्मामीटरजवळ ठेवतो, म्हणजे एका नजरेत दोन्ही दिसतं. आमचीच पद्धत. त्यामुळे तिकडे ऊब पुरेशी, जंतू वेळेवर वाढले, नळी पिवळी झाली. इकडे गार पाण्यात जंतू रेंगाळले. बुवाने नियमाप्रमाणे, खात्रीची नळी पिवळी होताच सगळ्या काढल्या, नियमाप्रमाणे रंग पाहिला आणि नियमाप्रमाणे नापास केल्या.

त्याचा चेहरा उतरला होता. “ते तीन टँकर...” एवढंच तो म्हणाला.

नापास टँकरचा थोडा नमुना आम्ही गोठवून ठेवतो. ते तिन्ही नमुने मी स्वतः नव्या नळ्यांत घातले, वर फक्त खुणा केल्या आणि कुठली नळी कुणाची हे कुणाला सांगितलं नाही. टाकीशी मी बसून राहिले. रंग तात्यांनी वेगळा पाहिला, बुवाने वेगळा. दोघांचं उत्तर एकच आलं: एक नळी जांभळी, दोन पिवळ्या. पिवळ्यांपैकी एक मामाची.

तात्या गेल्यावर बुवा खुर्चीवर बसला. “ज्यांच्यासाठी मी दूध पीत नाही, त्यांचंच दूध मी गटारात घालवलं,” तो म्हणाला. हे तो मला सांगत नव्हता.

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता पेन फिरवत होते. पेन थांबलं.

“डबा?”

“डबा.”

“मॅडम, ही गोष्ट तुम्ही शोधलीत की रचलीत? मला पटत नाही, तर बाहेर त्या ड्रायव्हरांना पटेल? ते म्हणणार, दूध सांडायला आलेल्याला पाठीशी घालतायत.” मग त्यांनी मार्ग सुचवला. शुक्रवारी मामाचा टँकर येणार आहे. बुवाने मामाची माफी मागावी आणि त्या टँकरच्या चहाचा एक घोट सगळ्यांसमोर खिडकीत घ्यावा. एक घोट. मग सही करतो. नाही घेतला तर त्याने दुसरीकडे नोकरी शोधावी.

हा निरोप मीच बुवाला दिला.

“मी प्यायल्याने मामांचं दूध परत येणार आहे का?” त्याने विचारलं.

मला इतका राग आला की माझं मलाच नवल वाटलं. “हेच. हेच तुझं. एकदा तरी सरळ हो किंवा नाही म्हणशील?”

“नाही,” तो म्हणाला. “म्हणजे, नाही पिणार. माफी मागेन.”

नोकरी जाईल, हे त्याला कळत होतं. मी तरीही विचारलं की घरी चालेल का. आई शिवणकाम करते, त्यावर काही दिवस निघतील, म्हणाला. साहेबांना पडलेला प्रश्न मीही मग विचारून टाकला की डेअरीत आलास कशाला. “नोकरी इथेच मिळाली. आणि लोक पिणारच आहेत, तर ते निदान औषधाशिवायचं असावं. तेवढं माझ्या हातात होतं.” आणि थांबून म्हणाला, “असं वाटत होतं.”

शुक्रवारी मामाच्या टँकरच्या नळ्या मी तपासल्या. टाकीत दुसरं काही नव्हतं. पिवळ्या झाल्या. मी पास केलं आणि मावशी चहाला लागली. आवारात नेहमीपेक्षा जास्त ड्रायव्हर जमले होते. बातमी फुटलेली होती. साहेब माझ्या मागे, हाताची घडी घालून उभे होते.

बुवा खिडकीत गेला. त्याने मामाला सांगितलं की तुमचं दूध चांगलं होतं, माझ्या चुकीने नापास झालं. कसं झालं तेही सांगितलं, थोडक्यात.

मामाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “म्हणजे तुमचा भात गार होता म्हणून माझा टँकर गटारात?”

“हो.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मामा हसला नाही. हे पोर स्वतःहून चूक कबूल करतंय यातही त्याला काहीतरी काळंबेरं दिसत होतं. “ठीक आहे,” तो शेवटी म्हणाला. “झालं ते झालं. आज एक घोट घ्या. मीही विसरतो, तुम्हीही विसरा.”

“नाही, मामा.”

आम्ही सगळे पुढचं वाक्य येण्याची वाट पाहत राहिलो. वासरू येईल, गाय येईल, निदान नळी तरी येईल. तात्यांनी तर हसायची तयारी करून ठेवली होती. काहीच आलं नाही. बुवा नुसता उभा राहिला. कारण न मिळाल्यावर लोक आणखीच अस्वस्थ झाले. प्रवचन असतं तर त्याला हसून मोकळं होता आलं असतं.

तेवढ्यात मावशीने कप माझ्या हातात दिला. दूध मी पास केलं होतं, म्हणजे घोट माझा. मी कप उचलला. मामाची नजर माझ्या ओठांवर होती, साहेबांची माझ्या पाठीवर. मला चहा हवा होता, त्या दुधाबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नव्हती. पण कप तोंडाशी नेताना मला दिसलं की मी घोट घेतला की त्याचा न घेतलेला घोट पुरावा होतो. इतकी वर्षं या खिडकीत आम्ही दूध तपासल्याचं नाटक करत होतो, आणि त्या नाटकात ज्याला काम करायचं नाही तो आपोआप साक्षीदार ठरत होता. दुधाविरुद्ध.

मी कप कठड्यावर ठेवला. टेबलावरचा नळ्यांचा स्टँड उचलून त्याच्या शेजारी ठेवला.

“मामा, हा तुमचा रंग. हा खात्रीच्या दुधाचा. तुम्हीच बघा. आजपासून या खिडकीत कुणीही काही पिणार नाही.” मग मागे वळून साहेबांना म्हणाले, “आणि जो घोट इथे कुणीच घेत नाही, तो न घेतल्याबद्दल कुणाला काढता येणार नाही. डब्याबद्दल ताकीद मी त्याला लेखी दिली आहे.”

साहेबांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “म्हणजे तुम्हीही त्यांच्यातल्याच,” ते म्हणाले. पण संध्याकाळी सही करून कागद पाठवला. बुवाला एकदम कायम केलं नाही, त्याच्या उमेदवारीची मुदत आणखी काही महिने वाढवली. ते मला रास्त वाटलं.

मामा खिडकीतून हलला नव्हता. त्याने वाकून दोन्ही नळ्या पाहिल्या, एकदा डाव्या डोळ्याने, एकदा उजव्या.

“मॅडम, तुम्ही दूध पिता ना?”

“पिते की. घरी रोज पिते.”

“मग आज काय झालं?”

मी सांगायला लागले. की पिणं आणि तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. की चवीला काही कळत नाही. की इतके दिवस आपण ज्याच्यावर विश्वास ठेवला तो खरा पुरावाच नव्हता, आणि थोडा विचार केला तर तुम्हालाही पटेल... मी सावकाश, क्रमवार बोलत होते. बोलता बोलता बुवाकडे लक्ष गेलं. तो खाली मान घालून टेबल पुसत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

“राहू द्या मॅडम,” मामा म्हणाला. “प्रवचन नको.”

कठड्यावरच्या चहावर साय धरली होती. मामाने तो कप उचलला, नाकाशी नेऊन हुंगला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तसाच खाली ठेवला.